अजून नाही

फॉर्म आठवडाभर आधी आला होता, पोस्टाने.
प्रत्येक प्रश्नापुढे तीन चौकोन:
हो. कधीकधी. अजून नाही.

चेंडूला लाथ मारते का?
मोज्यांचा बोळा चालत असेल, तर हो.
कठडा धरून जिना चढते का?
दुसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही,
न चढून सांगते कुणाला.
दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटतील
अशी उडी मारते का?

पेन तिथे जरा वेळ उभं राहिलं.

गुरुवारी बेव्हर्ली आली, हेल्थ व्हिजिटर.
न सांगता बूट काढले तिने,
गुडघे कडकड वाजवत गालिचावर बसली.
म्हणाली, उशा पसरा. जमिनीवर चिकटपट्टीची रेघ मारा.
बेडूक होऊन दाखवा तिला.
जुई बेडूक झाली
आणि तशीच बसून राहिली,
हॅलिफॅक्सच्या थंडीतला खरा बेडूक बसेल तशी.

जाताना बेव्हर्ली दारात थांबली.
किती हलकी चालते ही, म्हणाली, मांजरीसारखी.
मी हसले.
ती गल्लीच्या उतारावरून दिसेनाशी झाली
तेव्हा हसू आवरलं.

कारण जुईचा पहिला शब्द आई नव्हता.
शू होता. ओठांवर बोट ठेवून.

पहिली पावलं टाकली त्याच दिवशी
खालून काठी वाजली होती, छताला, टक टक.
मग मी गालिचावर गालिचा टाकला,
मोज्यांवर मोजे चढवले,
हळू गं, हळू, खाली मिस्टर होल्रॉइड आहेत.
फोनवर बहिणीला कौतुकाने सांगितलं,
पायच वाजत नाहीत बघ हिचे.

आणि मी कोण?
बार्शीच्या शाळेत एका दमात
लंगडीचे नऊ गडी बाद करणारी.
इथे कपाटाचं दार बोटाने लावते,
कुकरची तिसरी शिट्टी होऊ देत नाही.

दोन दिवस वाक्यं जुळवली, मग खाली गेले.
दार साखळीपुरतं उघडलं.
म्हटलं, माझ्या मुलीला उड्या मारायच्या आहेत.
त्यांनी माझ्या सपातांकडे पाहिलं,
मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.
चार ते साडेचार.
रविवारी नाही.
दार लागलं.

तर रोज चार वाजता.
उशा, रेघ, जिन्याची शेवटची पायरी.
तिचे दोन्ही हात माझ्या हातांत,
गुडघे वाकव, आता वर, वर!
एक पाय पुढे जातो,
दुसरा मागे राहून विचार करतो.
मला ओळखीचं वाटतं ते.

बागेकडे जाणारा रस्ता इतका उतरता,
की धावावंच लागतं. ती धावते,
पडते, हाताला खडी लागते, उठते.
उन्मेष ऑफिसमधून लवकर आला एकदा,
टाय न सोडताच उड्या मारून दाखवल्या.
दिव्याचं झुंबर हललं, जुईने टाळ्या वाजवल्या,
पाय मात्र जागेवर.
साडेचारला उशा परत सोफ्यावर.

फॉर्म पाठवून दिला.
अजून नाही, त्या चौकोनात फुली.
तीन शब्दांपैकी
अजून हा शब्द मला फार चांगला वाटला,
कुणीतरी खुर्ची राखून ठेवावी तसा.

आज रविवार. सकाळचे सात दहा.
मी पांघरुणात, अर्धवट झोपेत.
पलीकडच्या खोलीतून:
धप्प.

खुंटीवरचे कप एकमेकांवर किणकिणले.
गेले तर जुई रेघेच्या पलीकडे उभी,
एकटी, एक मोजा नाही,
हे कुणाचे, अशी स्वतःच्या पायांकडे बघत.
मला पाहिलं आणि
बोट आपोआप ओठांवर गेलं तिचं.

मी ते बोट खाली घेतलं.

धप्प.
खालून काठी वाजली. एकदा.
दुसऱ्यांदा वाजेल म्हणून मी थांबले.
जुई थांबली नाही.